साइटवरची जागा कुणाला विकायची?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की माझ्या वेबसाइटवरच्या जाहिरातींतून तिचा वर्षाचा खर्च भागतो आणि वर चार पैसे उरतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यावरच करा, असं संपादकांनी फर्मावलं.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. कराडच्या एका साप्ताहिकासाठी जाहिराती गोळा करण्यात माझी निम्मी हयात गेली. कॉलम सेंटीमीटरचा भाव, दिवाळी अंकाचं रंगीत पान, साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्या शुभेच्छांची पुढे सहा महिने चालणारी वसुली, सगळं केलं. हल्ली सातारा, सांगली, सोलापूर भागातल्या गावजत्रांची साइट चालवते. म्हसवडचा रथ, पालीचं खंडोबाचं लग्न, मांढरदेव, शिंगणापूरच्या कावडी या मोठ्या जत्रा तिथं आहेतच. पण ज्या गावाचं नाव शेजारच्या तालुक्यालाही ठाऊक नाही, त्याच्या जत्रेची तिथी आणि इंग्रजी तारीखही तिथं सापडते. आता पत्रं.

प्रश्न : ताई, कोकणातल्या फेरीबोटींच्या वेळा, जेट्टीजवळच्या खानावळी आणि किनारे यांची माहिती देणारी माझी साइट आहे. रोज पाचशे-सहाशे लोक येतात. गूगलच्या जाहिराती लावल्या तर किती मिळतील? एका व्हिडिओत महिन्याला पन्नास हजार सांगितले आहेत. (एक तरुण, चिपळूण)

व्हिडिओवाल्याला पन्नास हजार मिळत असतीलही, पण ते तुमच्यासारख्यांनी त्याचा व्हिडिओ बघितल्यामुळे. आपण आपला हिशेब करू. ६०० माणसं, प्रत्येकानं सरासरी दीड पान उघडलं तर दिवसाला ९०० पानं, महिन्याला २७,०००. माझ्या साइटवर हजार पानांमागे ६०-७० रुपये पडले तर तो महिना बरा म्हणायचा. तुमचंही तेवढंच धरा. म्हणजे महिन्याला १,६०० ते १,९०० रुपये. गूगल अ‍ॅडसेन्स ही साइटवर जाहिराती लावून त्यांचे पैसे देणारी गूगलची सेवा १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही, तोवर रक्कम पुढे ओढली जाते. तेव्हा पहिला भरणा पाचेक महिन्यांनी, तोही महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान.

यात गूगल आपल्याला लुबाडतं असं नाही. जाहिरातदारानं मोजलेल्या पैशातले साधारण ६८ टक्के साइटवाल्याच्या हातात येतात. २०२४ पासून हिशेबही क्लिकवर नाही, जाहिरात किती वेळा दिसली त्यावर होतो. घोडं अडतं ते भावावर. प्रत्येक जागेचा तिथल्या तिथं लिलाव होतो आणि बोली चढते ती विषय बघून, वाचक कुठल्या देशात बसलाय ते बघून. गृहकर्जावरच्या इंग्रजी पानासाठी बँका एकमेकींवर चढाओढ करतील. दाभोळ-धोपाव्याची शेवटची फेरी किती वाजता सुटते, या पानासाठी मुंबई-बंगळुरूचा कोण जाहिरातदार हात वर करणार? त्यात आपण मराठीवाले रांगेत उशिरा आलो. अ‍ॅडसेन्समध्ये हिंदी आली २०१४ मध्ये, मराठीला २०१८ उजाडलं. शिवाय मोसम असतोच. दसरा-दिवाळीला भाव वर जातो, जानेवारीत धाडकन खाली येतो. जानेवारीचा आकडा बघून साइट बंद करायला निघालेले लोक मला दरवर्षी भेटतात.

पण मुंबईच्या जाहिरातदाराला नको असलेल्या त्या पानावर कोण येतं, याचा विचार करा. पुण्याहून गाडी काढून निघालेलं कुटुंब येतं. त्यांना फेरी गाठायची आहे, ती चुकली तर जेवायचं आहे, रात्र झाली तर राहायचं आहे. पैसे खिशात तयार आहेत. या माणसाची किंमत गूगलच्या लिलावात कुणाला कळणार नाही. जेट्टीच्या तोंडाशी खानावळ चालवणाऱ्या बाईंना ती बरोब्बर कळते. म्हणून अ‍ॅडसेन्स लावा, हरकत नाही, पण पानावरची मोक्याची जागा त्याला देऊ नका. ती गावात विका.

कशी विकायची? आमच्याकडची एक विक्री सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

आमच्या भागातला एक मंडपवाला. मंडप, स्टेज, लाइट, जनरेटर, सगळा पसारा स्वतःचा. मी गेले तेव्हा गोदामात कनातींच्या घड्या मोजत होता. "मॅडम, ऑनलाइनचं मला काय सांगू नका, पंचक्रोशी मला नावानं ओळखते." साप्ताहिकाच्या दिवसांत हेच वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की त्यावर चिडायचं नसतं, एवढं शिकले आहे. त्याच्याशी वाद घातला नाही. फोन काढून त्याच्याच गावाच्या जत्रेचं पान दाखवलं. मग आदल्या वर्षीचा आलेख दाखवला. अकरा महिने जमिनीला टेकलेली रेघ आणि जत्रेआधीच्या दोन आठवड्यांत उभी भिंत. "ही कोण माणसं?" त्यानं विचारलं. त्यातली निम्मी पुण्या-मुंबईत राहणारी, सुट्टी टाकायला तारीख बघणारी. बाकीची आसपासच्या गावांची, आणि त्यात जत्रा कमिटीची पोरंही. आपली तारीख आणि शेजारच्या गावाची तारीख एकाच दिवशी येते का, हे बघायला तीच सगळ्यात आधी येतात. आणि मंडप ठरवतं कोण? कमिटी. यावर तो पहिल्यांदा खाली बसला आणि चहा सांगितला.

भाव सांगताना मी हजार पानांचा हिशेब काढतच नाही. त्याला तो कळत नाही आणि मला तो परवडत नाही. हंगामाचा भाव सांगते. पौष ते वैशाख, तालुक्यातल्या सगळ्या जत्रांच्या पानांवर तारखेच्या खाली एक पट्टी, ३,००० रुपये, आगाऊ. त्या तालुक्यात दुसरा मंडपवाला घेणार नाही, हा शब्द. हा शब्द फार चालतो. जाहिरातीसाठी ३,००० द्यायला कचरणारा माणूस ती प्रतिस्पर्ध्याला मिळू नये म्हणून चटकन देतो.

मग मजकुरावर अडलं. त्याला वर गणपती, डाव्या हाताला स्वतःचा हात जोडलेला फोटो, खाली तीन मोबाइल नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही' हवं होतं. एवढं सगळं बोटभर रुंदीच्या पट्टीत! शेवटी नाव, गाव, जनरेटरसह आणि एक हिरवं बटण, एवढ्यावर मिटलं. गणपती मी ठेवला. काही ठिकाणी माघार घ्यावी.

खरी खुबी त्या बटणात आहे, ती नीट वाचा. व्हॉट्सअ‍ॅपचा असा दुवा बनवता येतो की दाबल्यावर समोरच्याच्या नंबरवर मजकूर आधीच लिहिलेला तयार येतो. मी त्यात लिहून ठेवते, 'जत्रेच्या साइटवर तुमचं नाव बघितलं, मंडपाबद्दल विचारायचं होतं.' गिऱ्हाईक फक्त पाठवा दाबतं. म्हणजे जाहिरातीचा उपयोग झाला की नाही, याचा पुरावा माझ्या संगणकात न राहता दुकानदाराच्या स्वतःच्या फोनमध्ये साठत जातो. वर्तमानपत्रात आम्ही जाहिरात छापून आल्याची व्हाउचर कॉपी नेऊन द्यायचो. त्यानं जाहिरात छापली एवढंच सिद्ध व्हायचं, कुणी वाचली हे नाही. पुढच्या हंगामात मी पैसे मागायला गेले तर दुकानदारानं फोन उघडावा आणि स्वतःच मोजावं.

आता तुमचं. तुमच्याकडे दाभोळ-धोपावे आहे, जयगड-तवसाळ आहे, वेश्वी-बागमांडला आहे, आगरदांडा-दिघी आहे. चार पानं. प्रत्येक फेरीला दोन काठ, म्हणजे एका पानावर दोन गिऱ्हाइकं, एकमेकांशी भांडण नसलेली. अलीकडे खानावळ, पलीकडे होमस्टे. ऑक्टोबर ते मे या मोसमाचे प्रत्येकी ३,००० रुपये घेतले तरी २४,००० झाले. अ‍ॅडसेन्सचा वर्षाचा गल्ला तेवढाच असेल आणि त्यासाठी पानाचं पार कडबोळं झालेलं असेल. आंब्याच्या दिवसांत बागायतदार वेगळे. पण वेळापत्रक सोडून बाकी कशालाही पानाच्या डोक्यावर बसू देऊ नका. गूगलच्या 'ऑटो अ‍ॅड्स' चालू केल्या की पान बदलताना पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात येते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. जेट्टीवर एकच दांडी नेटवर्क असतं. माणूस ती फुली शोधेपर्यंत बोट सुटलेली असते, आणि मग तो तुमच्या साइटवर परत येत नाही.

उधारीवर जाहिरात लावू नका. पैसे आधी, पट्टी नंतर. बिल फाडा, साधं का होईना. आणि 'गिऱ्हाईक आलं तर दहा टक्के देतो' म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा. त्याच्या गल्ल्यावर जाऊन कोण बसणार आहे?

प्रश्न : माझ्या साइटवर आरत्या, सुविचार, शुभेच्छा संदेश आणि कविता आहेत. दोन हजारांहून जास्त पानं आहेत. तरी 'कमी मूल्याचा मजकूर' असं सांगून अ‍ॅडसेन्सनं अर्ज नाकारला. (एक वाचक, परभणी)

पानं दोन हजार, त्यातली तुमची किती? आरत्या हजारो साइटवर आहेत, बहुतेक ठिकाणी त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट. कवितांचं तर त्याहून गंभीर आहे. कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत आपल्याकडे कॉपीराइट असतो. म्हणजे त्यातल्या कितीतरी कविता तुम्हाला विनापरवानगी ठेवताच येत नाहीत, मग त्यांच्याशेजारी जाहिरात लावून कमावणं दूरच. परभणीचं असं काय आहे जे तुम्हाला ठाऊक आहे आणि दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं नाही? त्याची तीस पानं करा आणि पुन्हा अर्ज करा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका मी स्वतः तयार करून साइटवर टाकते. परीक्षेआधी भरपूर मुलं येतात. जाहिराती लावू का? मिस्टर म्हणतात खातं माझ्या नावावर काढू. (सोलापूर जिल्हा)

बाई, आधी नोकरी, मग जाहिरात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि खासगी धंदा किंवा कमाई करायची तर पूर्वपरवानगी लागते. मुख्याध्यापकांमार्फत रीतसर अर्ज करा. साइट काय आहे, प्रश्नपत्रिका फुकट आहेत, जाहिरातीतून किती येण्याची शक्यता आहे, सगळं लिहून द्या. मिस्टरांच्या नावावर खातं काढल्यानं काही झाकलं जात नाही. प्रश्नपत्रिका तुमच्या, साइटवर नाव तुमचं. कुणी तक्रार केली तर चौकशीत पहिला प्रश्न तोच येईल.

परवानगी मिळाली तर दोन गोष्टी करा. अ‍ॅडसेन्समध्ये साइट लहान मुलांसाठी आहे अशी नोंद करता येते, ती करा. मग मुलांच्या मागावर राहून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात. उत्पन्न थोडं घटेल, घटू द्या. आणि नको त्या वर्गातल्या जाहिराती अडवायची सोय आहे. झटपट श्रीमंती, ज्योतिष, वजन घटवणं, डेटिंग असे वर्ग तिथं वेगवेगळे दिलेले असतात. एकेक करून बंद करा आणि मग एकदा घरातल्या मुलाच्या हातातल्या फोनवर स्वतःची साइट उघडून बघा.

प्रश्न : भाच्यानं प्रेमापोटी कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'मामाच्या साइटवर जा आणि सगळ्या जाहिरातींवर क्लिक करा.' दोन दिवसांत खातं बंद झालं. आता? (इस्लामपूर)

आता अपील. एक फॉर्म असतो. त्यात घडलं तसं लिहा, तारखेसकट, भाच्याच्या संदेशासकट. 'माझ्या स्पर्धकानं केलं' असली गोष्ट रचू नका, तसलं ते रोज वाचतात. खातं परत मिळेलच असं नाही, आणि बंद झालेल्याला दुसरं खातं काढायलाही मनाई असते. इतरांनी इथूनच धडा घ्यावा. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीला स्वतः हात लावायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, आणि 'आमच्या जाहिरातदारांना भेट द्या' असली प्रेमळ ओळही पानावर लिहायची नाही. भाच्याला रागावू नका. पण त्याच ग्रुपवर 'मामाची साइट वाचा' एवढंच लिहिलं असतं तर बरं झालं असतं, हे मात्र त्याला सांगा.

प्रश्न : अ‍ॅडसेन्सच्या पिनचं पत्र येतच नाही. दोनदा मागवलं. (जत तालुका)

खात्यात १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला सहा आकडी पिन साध्या टपालानं पाठवतात. रजिस्टर नसतं, त्यामुळे माग काढता येत नाही. चार महिन्यांत पिन भरला नाही तर पानावरच्या जाहिराती थांबतात, म्हणून आळस नको. तुम्ही पत्ता कसा लिहिलाय ते मला पाठवलंत, ते बघून सांगते. 'फ्लॅट नंबर', 'लँडमार्क' हे रकाने वस्तीवरच्या माणसाला कशाला भरायचे? वडिलांचं नाव, वस्तीचं नाव, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड आणि फोन नंबर. तुमच्या पोस्टमनला जसा पत्ता कळतो तसाच. इंग्रजी अक्षरांत लिहा, पण स्पेलिंग आधार कार्डावर आहे तेच ठेवा, कारण पिन वारंवार हुकला तर शेवटी ओळखपत्राची प्रत चढवून पडताळणी करून देतात आणि तिथं नाव-पत्ता जुळावा लागतो. आणि पोस्टात जाऊन सांगून ठेवा की परदेशी पत्र यायचं आहे. दिसायला ते इतकं सामान्य असतं की घरातले बँकेची जाहिरात समजून रद्दीत टाकतात.

प्रश्न : एका ऑनलाइन गेमिंग कंपनीनं साइटवर दुवा ठेवायचे महिन्याला १५,००० देऊ केलेत. शिवाय एक वैद्य 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात वर्षभरासाठी द्यायला तयार आहेत. दोन्ही घेतल्या तर साइटसाठी नोकरी सोडता येईल. (बारामती)

नोकरी सोडू नका, या दोन जाहिराती सोडा.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला. त्यात नुसता खेळ चालवणंच नाही, त्याची जाहिरात करणंही गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. तुमच्यासारख्या छोट्या साइटला महिन्याला १५,००० कोण देतो, याचं उत्तर यातच आहे. मोठ्या ठिकाणी त्यांना दारं बंद झालीत.

वैद्यबुवांचं प्रकरण जुनं आहे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा १९५४ चा, आणि ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे त्यांच्या यादीत मधुमेह आहे. आम्ही साप्ताहिकात असतानाही असले लोक यायचे, रोख घेऊन यायचे, आणि संपादक नसताना यायचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'मी फक्त जागा दिली' हे म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. वशीकरणवाले, सात दिवसांत कर्ज मंजूरवाले, यांनाही हाच न्याय.

घेतलेल्या प्रत्येक जाहिरातीवर 'जाहिरात' असं स्वच्छ लिहा. आणि पैसे घेऊन एखाद्याच्या साइटचा दुवा देत असाल तर त्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावावी लागते. नाही लावली तर गूगल शोधातलं तुमचं पान खाली जाऊ शकतं. दुवे विकत मागणारी माणसं नेमकी ती खूण लावू नका म्हणतात. तिथंच ओळखायचं.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या न्यू जर्सीत, एच-फोर व्हिसावर. माझी मराठी पाककृतींची साइट आहे. अमेरिकेतले वाचक बरेच असल्यानं उत्पन्न चांगलं होईल असं दिसतं. पैसे सांगलीतल्या खात्यात घेतले तर चालेल ना?

वाचक अमेरिकेतले असले की भाव चढतो, हे तुमचं बरोबर. बाकीचं जपून. एच-फोरवर, म्हणजे तिथं नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करायला परवानगीचं कार्ड लागतं, आणि ते २०१५ पासून फक्त ठरावीक जोडीदारांना मिळतं, मुख्यतः नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीन कार्डचा अर्ज पुढच्या टप्प्यावर गेलेला असेल तेव्हा. ते कार्ड नसेल तर जाहिरात चालू करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाची फी भरा. पैसे सांगलीच्या खात्यात पडले म्हणून काम सांगलीत झालं असं होत नाही. ओट्यापाशी उभ्या राहून कांदा चिरताना फोटो तुम्ही न्यू जर्सीत काढता आहात. तोवर लिहीत राहा. पाककृती नासत नाहीत.

आणि तुमच्याकडे युरोपातूनही मराठी वाचक येतात असं लिहिलंय. त्यांना जाहिराती दाखवायच्या तर आधी संमती विचारणारी चौकट लागते, जानेवारी २०२४ पासून गूगलनं मान्य केलेलीच चालते. अ‍ॅडसेन्सच्या 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग' भागात ती तयार मिळते. वेगळे पैसे घालवू नका.

प्रश्न : पैसे पतसंस्थेच्या खात्यात घेता येतील का? आणि कराचं काय? (वाई)

पतसंस्थेत नाही येणार. अ‍ॅडसेन्सचे पैसे परदेशातून येतात, त्यामुळे बँकेला स्विफ्ट कोड हवा. शाखेत विचारून तो घ्या. पहिल्या वेळी बँक तुम्हाला फोन करून हे पैसे कसले म्हणून विचारेल. घाबरून 'मित्रानं पाठवले' म्हणू नका. जाहिरात सेवेचे म्हणून सांगा, त्यासाठी पी१००७ हा उद्देश कोड आहे. बँकेचं शुल्क वजा होतं, म्हणून दर वेळी १०० डॉलरला पैसे उचलण्यापेक्षा खात्यातली मर्यादा वाढवून दोन-तीनदाच घेतलेले बरे. ही मर्यादा आपल्याला वाढवता येते.

उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं, गूगलचंही आणि खानावळीचंही. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही, आणि आपल्यातल्या कुणाची तिथवर मजल जात असेल तर त्यानं मला पत्र न लिहिता सीए गाठावा. डोमेन, होस्टिंग, जाहिरात मिळवायला केलेला प्रवास यांच्या पावत्या एका पाकिटात टाकत चला. मार्चमध्ये शोधत बसाल तर पेट्रोलची पावती कोरी झालेली असते, शाई उडून.

प्रश्न : मी अकरावीत आहे. क्रिकेटच्या गावठी स्पर्धांचे निकाल माझ्या साइटवर देतो. माझं खातं निघेल का? (नांदेड जिल्हा)

१८ पूर्ण होईपर्यंत स्वतःचं नाही. आई किंवा वडिलांनी त्यांच्या नावानं खातं काढायचं, पैसेही त्यांच्याच नावावर येतील. पण तुला त्याची गरज काय? स्पर्धेच्या बॅनरवर ज्यांचे फोटो असतात ते चषकाला आणि बक्षिसाला पैसे देतातच. अंतिम सामन्याच्या निकालाच्या पानावर 'प्रायोजक' म्हणून त्यांचं नाव लाव आणि स्पर्धेमागे ५०० रुपये माग. मागायला मोठ्या माणसाला बरोबर ने आणि पैसे स्पर्धा सुरू व्हायच्या आधी घे. अंतिम सामना हरलेल्या संघाच्या प्रायोजकाकडून नंतर पैसे निघत नाहीत.